मायबाप सरकार आणि न्यायाचा हक्क : भोपाळच्या इतिहासातील एक धागा

मराठी वाचकाला भोपाळ हे शहर साधारणतः दोन प्रसंगांतून परिचित असते. पहिला प्रसंग डिसेंबर १७३७ चा. थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळ येथे कोंडून धरले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथील तहाने माळव्यावरील मराठ्यांचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. दुसरा प्रसंग डिसेंबर १९८४ चा, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील वायुगळतीचा. मधल्या जवळजवळ अडीचशे वर्षांबाबत पाठ्यपुस्तके बहुधा गप्प असतात. फार तर ‘भोपाळच्या बेगमा’ एवढा एक उल्लेख येतो आणि त्याही कौतुकाच्या चार ओळींत संपतात. मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या वर्तुळात हे कौतुक थोडे अधिक विस्ताराने होते, कारण अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या. हे कौतुक रास्तही आहे. परंतु कौतुकापाशी थांबल्यामुळे भोपाळचा इतिहास जो प्रश्न विचारतो तो ऐकू येत नाही.

तो प्रश्न असा : न्याय देणारा सज्जन असला, कार्यक्षम असला, ईश्वराला भिऊन वागणारा असला, तरी ज्याला न्याय द्यायचा त्याला काही विचारायचे की नाही? आपल्याकडे सरकारला अर्ज लिहिताना ‘मायबाप सरकार’ अशी सुरुवात करण्याची प्रथा फार जुनी आहे. आईबाप मुलांचे भलेच करतात, म्हणून मुलांना विचारण्याची गरज नसते, हे त्या संबोधनात गृहीत असते. भोपाळमध्ये हे गृहीत एकोणिसाव्या शतकात तख्तावर बसलेले दिसते, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते थेट संसदेच्या कायद्यात उतरलेले दिसते. प्रस्तुत लेखात हाच धागा तपासला आहे.

तख्तावरील स्त्रिया

भोपाळ संस्थान अफगाण सरदार दोस्त मुहम्मद खान यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे केले. मराठी सत्तांशी त्याचे संबंध बहुधा तणावाचेच राहिले. नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजांनी १८१२-१३ मध्ये भोपाळला दीर्घ वेढा घातला होता, तो वजीर मुहम्मद खान यांनी निकराने झुंजवला. या अनुभवानंतर संस्थानाने इंग्रजांचा आश्रय शोधला आणि १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. पुढचा सारा इतिहास या तहाच्या चौकटीत घडला, ही गोष्ट बेगमांचे मूल्यमापन करताना नजरेआड करता येत नाही.

तहानंतर वर्षभरातच, १८१९ मध्ये, तरुण नवाब नजर मुहम्मद खान यांचा पिस्तुलाची गोळी लागून अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी कुदसिया बेगम त्या वेळी अवघ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी सिकंदर दीड वर्षाचीही नव्हती. घराण्यात पुरुष दावेदार पुष्कळ होते. तरीही कुदसिया बेगम यांनी मुलीचा हक्क पुढे करून स्वतः कारभार हाती घेतला, आणि सरदारांनी व कंपनीने तो मान्य केला. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण राज्यकारभार त्यांनी नेटाने शिकून घेतला. पडदा सोडला. भोपाळची जामा मशीद त्यांनीच बांधली. शहरासाठी स्वतःच्या खर्चाने पाणीपुरवठ्याची योजनाही केली. या पाण्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

सिकंदर बेगम यांना तख्ताकडे जाणारी वाट सरळ मिळाली नाही. त्यांचे पती जहाँगीर मुहम्मद खान १८३७ मध्ये नवाब झाले. संसार कटुतेचा होता. गर्भवती पत्नीवर पतीने तलवारीचा वार केल्याची घटना चरित्रकारांनी नोंदवली आहे. १८४४ मध्ये जहाँगीर मुहम्मद खान वारले. अल्पवयीन कन्या शाहजहान यांना वारस ठरवण्यात आले आणि १८४७ पासून सिकंदर बेगम पालक म्हणून कारभार पाहू लागल्या. कंपनीच्या लेखी त्या पालक होत्या. प्रत्यक्षात त्या राज्य करीत होत्या, आणि भोपाळने त्यांच्याइतका कर्तबगार राज्यकर्ता पूर्वी पाहिला नव्हता.

घोड्यावरचा न्याय

सिकंदर बेगम यांच्या हाती राज्य आले तेव्हा खजिन्यावर सुमारे ३० लाख रुपयांचे कर्ज होते. महसूल मक्त्याने दिलेला असे, मक्तेदार रयतेकडून किती उकळतो हे कोणी पाहत नसे. त्यांनी जमिनीची मोजणी करवली, संस्थानाची ३ जिल्ह्यांत आणि २१ पोटविभागांत विभागणी केली आणि प्रत्येक ठिकाणी जबाबदार अधिकारी नेमला. कर्ज फिटले. न्यायालयांची रचना होऊन वरच्या न्यायालयाकडे अपील करण्याची सोय झाली. दरबारात फारसीऐवजी उर्दू आली. ही शेवटची सुधारणा वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्या भाषेत निकाल लिहिला आहे ती भाषा पक्षकाराला कळावी, हा न्यायाचा पहिला पायंडा होय. आजही तालुक्याच्या कचेरीत हातात पडलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारी माणसे पाहिली की या सुधारणेचे मोल कळते.

त्या पडद्यात राहत नसत. घोड्यावर बसून संस्थानभर फिरत, गावोगाव मुक्काम करीत आणि हिशेब स्वतः तपासत. सल्ल्यासाठी त्यांनी मजलिस-ए-शूरा स्थापन केली. इस्लामी राज्यशास्त्रात ‘मजालिम’ नावाची एक जुनी संस्था आहे. अधिकाऱ्यांनी केलेल्या जुलमाची तक्रार राज्यकर्त्याने स्वतः ऐकावी, असा तिचा अर्थ. सिकंदर बेगम यांचा कारभार या परंपरेत सहज बसतो. १८६३-६४ मध्ये त्यांनी हजयात्रा केली आणि तिचा वृत्तान्त उर्दूत लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १८७० मध्ये, प्रसिद्ध झाला. या वृत्तान्तात भक्तीबरोबरच कारभाऱ्याची नजर आहे. पवित्र शहरांतील अस्वच्छता आणि जकातीच्या अधिकाऱ्यांची मनमानी त्यांना खुपते, आणि सुलतान जो पैसा इथे खर्चतो तो आपल्या हाती दिला तर आपण हे सारे नीट करून दाखवू, अशा आशयाचे त्या निःसंकोच लिहितात. स्वतःच्या न्यायबुद्धीवर इतका विश्वास असणारी व्यक्ती मोठी असते. ती धोक्याचीही असते, हे १८५७ मध्ये दिसून आले.

१८५७ : पालकाने घेतलेला निर्णय

मेरठ आणि दिल्लीचे लोण माळव्यात पोहोचले तेव्हा भोपाळमध्ये सहानुभूती कोणाच्या बाजूने होती, याबद्दल फारशी शंका नाही. फौजेत अस्वस्थता होती आणि शहरात बंडाची पत्रके फिरत होती. भोपाळच्या खर्चाने पोसलेल्या कंटिंजंट फौजेचे ठाणे सिहोर येथे होते. तेथील शिपायांनी ऑगस्ट १८५७ मध्ये उठाव करून ‘सिपाही बहादुर’ नावाचे स्वतःचे सरकार जाहीर केले. हे सरकार काही महिने टिकले. संस्थानातीलच अंबापाणीचे जागीरदार फाजिल मुहम्मद खान आणि आदिल मुहम्मद खान उठावात उतरले.

सिकंदर बेगम यांनी निर्णय घेतला तो इंग्रजांच्या बाजूने. इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांनी सुरक्षित वाट करून दिली, पत्रके बंद करवली आणि रसद पुरवली. जानेवारी १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांची फौज सिहोरला आली आणि शंभराहून अधिक शिपायांना तेथे ठार करण्यात आले. फाजिल मुहम्मद खान यांना राहतगड येथे फाशी देण्यात आली. ह्यू रोज यांची फौज पुढे झाशीकडे वळली. मराठी वाचकाला पुढची कहाणी ठाऊकच आहे. निष्ठेचे फळ म्हणून सिकंदर बेगम यांना नवाब म्हणून स्वतःच्या नावाने मान्यता मिळाली, १८६० मध्ये धारच्या पवारांकडून काढून घेतलेला बैरसिया परगणा भोपाळला जोडला गेला आणि १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब मिळाला.

या निर्णयाचा निवाडा दोन्ही बाजूंनी घाईने केला जातो. एका पक्षाला त्या केवळ इंग्रजधार्जिण्या वाटतात, तर दुसरा पक्ष ‘भोपाळला विध्वंसापासून वाचवणाऱ्या दूरदर्शी राज्यकर्त्या’ म्हणून त्यांचे समर्थन करतो. लखनौ आणि दिल्लीची पुढे जी दशा झाली ती पाहता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु दोन्ही पक्ष निर्णयाच्या परिणामाविषयी बोलतात. निर्णय कसा झाला याविषयी बोलत नाहीत. रयतेच्या शेताची मोजणी करताना जी राज्यकर्ती गावोगाव हिंडली, तिने रयतेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मात्र एकटीने सोडवला. मोजणीत रयत पक्षकार होती. स्वातंत्र्याच्या प्रश्नात ती पाल्य होती. सिहोरच्या शिपायांनी त्या पाल्यत्वाला नकार दिला आणि त्याची किंमत मोजली. एकाच राज्यात, एकाच राज्यकर्तीच्या कारकिर्दीत न्याय एका बाजूला आणि स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला उभे राहिलेले दिसते, ते या ठिकाणी.

शाळा, ग्रंथ आणि पडदा

सिकंदर बेगम १८६८ मध्ये वारल्या. त्यांच्यानंतर शाहजहान बेगम (१८६८-१९०१) आणि सुलतान जहाँ बेगम (१९०१-१९२६) गादीवर आल्या. शाहजहान बेगम यांनी ताजुल मसाजिदचे काम सुरू केले आणि स्त्रियांसाठी ‘तहजीब-उन्-निस्वान’ हा मार्गदर्शनपर ग्रंथ लिहिला. कारभाराच्या दृष्टीने त्यांच्या काळाचा विचार येथे आवश्यक नाही. त्यांचे नाव धारण करणारी बाग मात्र शेवटी पुन्हा भेटणार आहे.

सुलतान जहाँ बेगम यांचे चरित्र अधिक बोलके आहे. त्यांनी मुलींसाठी सुलतानिया शाळा काढली, स्त्रियांच्या रुग्णालयाला बळ दिले आणि १९२० मध्ये अलीगढच्या कुलपतिपदाची जबाबदारी स्वीकारली. १९२२ मध्ये त्यांनी संस्थानात कार्यकारी व विधिमंडळ स्वरूपाची परिषद नेमली. परिषद सल्ल्यापुरतीच होती, तरी ‘विचारावे लागते’ ही कल्पना भोपाळच्या कारभारात तिच्यामुळे कागदावर आली. पडद्याच्या समर्थनार्थ त्यांनी ‘अल्-हिजाब’ हा ग्रंथ लिहिला होता. परंतु मुलींच्या शाळा चालवण्याचा अनुभव ग्रंथापेक्षा मोठा ठरला. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दुसरे १९२८ मध्ये दिल्लीत भरले, त्याच्या अध्यक्षपदी सुलतान जहाँ बेगम होत्या. तेथे त्यांनी रूढ पडद्याचा कडकपणा मुलींच्या शिक्षणाच्या आड येतो हे मान्य केले, आणि आयुष्याच्या अखेरीस स्वतः पडदा सोडला. वयाच्या सत्तरीत आपले छापील मत बदलणे ही नैतिक जीवनाची साधी पण दुर्मीळ खूण आहे. वर्गात बेगमांचा इतिहास शिकवताना इमारतींची यादी थोडी कमी करून हा प्रसंग सांगितला तर विद्यार्थिनींना त्याचा अधिक उपयोग होईल.

रयतेचे नागरिक होणे

दरम्यान भोपाळचाच एक सुपुत्र स्वातंत्र्याचा प्रश्न घेऊन जगभर फिरत होता. मौलवी बरकतुल्ला भोपाळी यांनी लंडन, टोकियो, अमेरिका असा प्रवास केला. १ डिसेंबर १९१५ रोजी काबूल येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारात राजा महेंद्रप्रताप राष्ट्राध्यक्ष आणि बरकतुल्ला पंतप्रधान होते. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. ज्या संस्थानात न्यायाची घडी उत्तम बसली होती, तेथील माणसाला स्वातंत्र्याविषयी बोलण्यासाठी तीन खंड ओलांडावे लागले, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

संस्थानात प्रजामंडळाची चळवळ १९३० च्या दशकात उभी राहिली. तिच्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही होते. शाकिर अली खान हे तिच्यातील एक ठळक नाव. पुढे ते कम्युनिस्ट नेते आणि आमदार म्हणून शहरात लोकप्रिय झाले. नवाब हमीदुल्ला खान यांनी १९४७ मध्ये सामीलनाम्यावर सही केली, पण संस्थान वेगळे ठेवण्याचा प्रयत्न सोडला नाही. त्याविरुद्ध विलीनीकरणाचे आंदोलन झाले. डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्यासारख्या तरुण नेत्यांना तुरुंगवास घडला. १४ जानेवारी १९४९ रोजी नर्मदाकाठच्या बोरास येथे, संक्रांतीच्या जत्रेत तिरंगा फडकवणाऱ्या तरुणांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांत काही जण मारले गेले. ३० एप्रिलला करार झाला आणि १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारकडे आला. रयत संपली, नागरिक सुरू झाला, असे पुस्तकात लिहिता येते. प्रत्यक्षात काय झाले ते पस्तीस वर्षांनंतर कळले.

१९८५ चा कायदा

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. धोक्याची सूचना पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून लेखांतून दिली होती. वायू पसरला तो प्रामुख्याने गरिबांच्या वस्त्यांवर. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या भागांतून माणसे डोळे मिटून पळत सुटली आणि पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयाचे आवार भरून गेले. गरोदर स्त्रिया सुलतानिया जनाना रुग्णालयाकडे गेल्या. त्या रात्री शहराने आधारासाठी गाठलेल्या या दोन्ही इमारतींना नवाबी घराण्यातील व्यक्तींची नावे होती.

काही दिवसांतच अमेरिकन वकील भोपाळमध्ये दाखल झाले आणि वकीलपत्रांवर अंगठे घेऊ लागले. अशिक्षित पीडितांची लूट होऊ नये आणि बलाढ्य कंपनीशी लढण्याची ताकद एकवटावी, या हेतूने केंद्र सरकारने फेब्रुवारी १९८५ मध्ये वटहुकूम काढला. मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा, तो चालवण्याचा आणि मिटवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे गेला. कायद्याच्या परिभाषेत त्याला ‘पेरेन्स पॅट्रिए’ म्हणतात. ज्यांना स्वतःचे हित सांभाळता येत नाही अशा अज्ञानांचा आणि अपंगांचा पालक म्हणून राज्यसंस्थेने उभे राहण्याचे हे तत्त्व आहे. मराठीत त्याला शब्द शोधत बसण्याची गरज नाही, ‘मायबाप सरकार’ हाच तो शब्द.

हेतू वाईट नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. हजारो पीडित एकेकटे लढले असते तर बहुतेकांच्या हाती काही लागले नसते. परंतु या पालकाचे हितसंबंध स्वच्छ नव्हते. कारखान्याला परवानगी सरकारचीच होती आणि भारतीय कंपनीचे सुमारे २२ टक्के भाग सरकारी वित्तसंस्थांकडे होते. शिवाय पाल्य अज्ञान नव्हते. ते घर चालवणारे, मजुरी करणारे, मत देणारे प्रौढ नागरिक होते.

दावा प्रथम न्यूयॉर्कमध्ये गेला. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी तो भारतात पाठवला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपये अंतरिम भरपाई ठरवली. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना १४ फेब्रुवारी १९८९ रोजी तडजोड जाहीर झाली : ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये. सरकारची मूळ मागणी सुमारे ३३० कोटी डॉलरची होती. दिवाणी आणि फौजदारी अशी सारी प्रकरणे तडजोडीने बंद होणार होती. ज्यांच्या वतीने ती झाली त्यांना आधी कोणी विचारले नाही. बहुतेकांना ती बातमीतून कळली.

कायद्याची वैधता चरणलाल साहू प्रकरणात डिसेंबर १९८९ मध्ये तपासली गेली. न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पीडितांना तडजोडीपूर्वी सूचना मिळायला हवी होती, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र मोठे योग्य कार्य साधताना थोडे अयोग्य घडले तर ते कधीकधी चालवून घ्यावे, असा सूर निकालात होता. हे वाचताना १८५७ च्या समर्थकांची आठवण होते. सिकंदर बेगम यांच्या निर्णयाच्या बचावासाठी जे म्हटले जाते तेच, जवळजवळ त्याच क्रमाने, स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात म्हटले गेले.

शनिवारची सभा

पाल्य मात्र गप्प बसले नाहीत. वायुकांडानंतर पीडित स्त्रियांसाठी सरकारने शिवणकामाची केंद्रे उघडली होती. ती बंद करण्याचा घाट घातला गेला तेव्हा स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांच्यातून भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना उभी राहिली. तिचे संयोजक अब्दुल जब्बार स्वतः पीडित होते. वायूने त्यांचे डोळे आणि फुप्फुसे अधू केली होती. संघटनेची घोषणा होती, ‘खैरात नहीं, रोजगार चाहिए’. घोषणेतला पहिला शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि हक्क घेणाऱ्याचा असतो, हा फरक धर्मशास्त्राच्या वर्गात जकात आणि सदका शिकवताना नेहमी सांगितला जातो. शिवणयंत्रावर बसणाऱ्या या स्त्रियांनी तो राजकारणात आणला.

दर शनिवारी संघटनेची सभा भरत असे ती यादगार-ए-शाहजहानी बागेत, म्हणजे शाहजहान बेगम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बागेत. बुरख्यातल्या आणि डोईवर पदर घेतलेल्या स्त्रिया शेजारी शेजारी बसत. त्यांतील कित्येकींनी पूर्वी घराबाहेरचे जग फारसे पाहिले नव्हते. तारखा, अपिले, दाव्यांचे वर्ग, वैद्यकीय कागद यांची चर्चा उर्दू-हिंदीच्या बोलीत चाले. सिकंदर बेगम यांनी दरबाराची भाषा बदलली होती, इथे न्यायालयाचा कागद पक्षकार स्वतः समजून घेत होते. तडजोड जाहीर होताच स्त्रिया दिल्लीला गेल्या आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर निषेध केला. १९९० मध्ये ३६ बाधित वॉर्डांतील रहिवाशांना दरमहा २०० रुपये अंतरिम साहाय्य सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात तडजोडीची रक्कम कायम राहिली, पण फौजदारी प्रकरणे पुन्हा जिवंत झाली. १९ जुलै २००४ च्या आदेशाने शिल्लक राहिलेले सुमारे १,५०० कोटी रुपये दावेदारांतच वाटले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये पीडितांच्या वैद्यकीय नोंदी आणि उपचार यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, ते याच संघटनेच्या याचिकेवर.

दुसरी एक संघटना सरकारी छापखान्याशी संबंधित स्टेशनरी कामगार स्त्रियांची होती. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी ती १९८६ मध्ये बांधली. १९८९ मध्ये या स्त्रिया मुलाबाळांसह भोपाळहून दिल्लीला पायी चालत गेल्या, अंतर सुमारे ७५० किलोमीटर. २००४ मध्ये दोघींना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि त्या रकमेतून त्यांनी पीडितांच्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट सुरू केला. त्याच वर्षी मे महिन्यात, कारखान्याभोवतालच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, कारण कारखान्याच्या टाकाऊ रसायनांनी तेथील भूजल दूषित झाले होते. कुदसिया बेगम यांनी ज्या शहराला पदरच्या पैशाने पाणी दिले, त्या शहराच्या नागरिकांना वीस वर्षे भांडून पाण्याचा आदेश मिळवावा लागला. यावरून बेगमांचा काळ बरा होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. कुदसिया बेगम यांनी पाणी दिले नसते तर त्यांच्याकडे ते मागण्याची रीतच नव्हती. २००४ मध्ये ती रीत होती आणि ती वापरणाऱ्या स्त्रिया होत्या.

एकूण सुमारे ५ लाख ७४ हजार दावे मान्य झाले. जखमींपैकी बहुसंख्यांना मूळ भरपाई म्हणून मिळाले ते २५,००० रुपये. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच दिवशी ते जामिनावर सुटले. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्याला कधीच हजर झाले नाहीत. २०१४ मध्ये ते अमेरिकेत वारले. अब्दुल जब्बार यांचे १४ नोव्हेंबर २०१९ रोजी भोपाळ येथे निधन झाले. पद्मश्री त्यांना मरणोत्तर, २०२० मध्ये, जाहीर झाली. शाकिर अली खान यांच्या नावाचे एक रुग्णालय आता वायुपीडितांच्या उपचारासाठी चालते. संस्थानी राजवटीविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव हमीदिया आणि सुलतानिया यांच्या पंक्तीत अशा रीतीने येऊन बसले.

२०१० च्या निकालानंतर उठलेल्या संतापामुळे केंद्र सरकारने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात वाढीव भरपाईसाठी याचिका दाखल केली. याचिका सरकारचीच होती, पीडितांच्या संघटना बाजूने म्हणणे मांडत होत्या. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती फेटाळली. तडजोड होऊन तीन दशके लोटल्यावर सरकार हा प्रश्न उकरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भरपाई अपुरी पडली तर ती भरून काढण्याची जबाबदारी कल्याणकारी राज्य म्हणून सरकारचीच होती, आणि पूर्वीच्या निकालात सांगितल्याप्रमाणे पीडितांसाठी विमा उतरवला गेला नाही ही सरकारची गंभीर हयगय होय, अशी नोंद निकालात आहे. रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये प्रलंबित दाव्यांसाठी वापरावेत, असे निर्देश देऊन प्रकरण बंद करण्यात आले.